चव्वेचाळीस

कॅल्शियम एक, कार्बन एक, ऑक्सिजन तीन.
बाणाच्या पलीकडेही मोजून तेवढेच.
मोंडकर सर म्हणाले, हे जन्मतःच संतुलित,
पुढे आकडा लावायचं काम नाही.
वर्ग खूश. एक तरी सुटलं.

मी वहीत वजनं मांडत बसले.
शंभर. मग छप्पन्न अधिक चव्वेचाळीस.
आणि चव्वेचाळीसच्या खांद्याशी
सरांनी खडूने काढलेला एक बारका बाण,
वर जाणारा.

आचऱ्याच्या खाडीकाठी बाबांनी
त्याच वर्षी चुन्याची भट्टी घेतली होती.
खुबे, तिसऱ्या, कालवांच्या कवच्या,
एक थर सोडणांचा, एक थर शिंपल्यांचा,
रात्रभर राखण न्हानूची.
सकाळी काट्यावर पांढरी ढेकळं,
आणि बाबांचा आवाज पार तरीपर्यंत:
शंभर घातलंय, छप्पन्नच कित्याक?
बाकीचा खंय गेला?

न्हानू भुवयांवरची राख पुसत होता.
माका काय म्हायत, मालक.
आगीक इचारा.

आग कोण विचारतं.

सर सांगत होते,
पुढचे आकडे तुमचे, हवे तसे बदला.
पायाशी बसलेल्या आकड्याला हात लावू नका,
तो हलला की पदार्थच दुसरा होतो.
पाण्याच्या पायाशी एक ऑक्सिजन जास्त लिहून बघा,
पिऊन दाखवा मग.
सगळे हसले.
मला दिसलं, बाबांनी तेच केलं होतं.
हिशेब जुळेना म्हणून
न्हानूच्या नावाच्या पायाशी
चोर लिहिलं होतं.

संध्याकाळी भट्टीच्या भिंतीवर
कोळशाने सगळं मांडलं.
बाबा उकिडवे बसून बघत राहिले,
बोट नुसतं त्या बाणावर.
म्हणजे, वाऱ्यान न्हेल्यान?
होय, म्हटलं. दर खेपेला. नेमानं.

दुसऱ्या दिवशी तरीतून तोंडवळीला गेलो.
खोपटाला कुलूप.
शेजारीण जाळं विणता विणता म्हणाली,
वास्कोक गेलो, ट्रॉलरवर.
दारालगतची भिंत मात्र ताजी पांढरी,
आमच्याच चुन्याची.
एका आठवड्याची मजुरी त्याने चुन्यात घेतली होती.

पुढे कॉलेजात कळलं,
भिजवलेला चुना भिंतीवर बसला
की हवेतून तोच वायू ओढून घेतो,
वर्षानुवर्षं, सावकाश,
आणि परत शिंपला होतो.
म्हणजे ते चव्वेचाळीस
त्या कुलपाशेजारी उतरत होते,
घरात कुणी नसताना.

आता मीच शिकवते हे, नववी ब.
पोरं विचारतात, बाई, हा बाण परीक्षेत नाही काढला तर?
अर्धा गुण जाईल, म्हणते.

बाबांच्या वहीत त्या वर्षापासून
तिसरा रकाना आहे, वर लिहिलंय: वारो.
त्याच्या आधीच्या पानावर, तळाशी,
न्हानू, अकरा दिवस, बाकी.
पुढे आकडा नाही.