पाणी निवेपर्यंत

फोनवर विचारतेस, शुआंग, झोप लागते का?
शेन्झेनहून गोळ्यांची नावं सांगतेस,
मोबाइलवर लाटांचा आवाज लावून निजा म्हणतेस.
फूशुनला समुद्र नाही, पोरी.
बादली आहे. लाकडी, तीन पट्ट्यांची,
त्यातली एक गंजून गेली
तिथं तुझ्या बापानं तार आवळलीय.

नवाला पाणी ठेवते.
मूठभर वाळका आयत्साओ, कडू वासाचा,
आल्याचे काप, चिमूटभर मीठ.
घोट्याच्या वर चार बोटं पाणी,
चार पाय, आणि गुडघ्यांवर एकच टॉवेल.

एवढं तू पाहिलेलंच आहेस.
न पाहिलेलं सांगते.

कारखाना बंद पडला त्या वर्षी
हातात आलेले सगळे पैसे
तुझ्या बापानं भावाला दिले, ट्रक घ्यायला.
मला विचारलं नाही.
मी बोलणं टाकलं.
पण कोळसा मोजका, बादली एक,
पाणी दोनदा तापवणं परवडेना;
म्हणून पाय एकत्र
आणि तोंडं दोन भिंतींकडे.

तो अबोला होता.
अबोल्याचा केवढा आवाज असतो!
आपटलेल्या झाकणाचा, कडीचा,
आणि घशातल्या त्या एका वाक्याचा,
ज्याला मी रोज रात्री धार लावायचे
आणि उद्यासाठी ठेवून द्यायचे.

त्याला तसंही ऐकू कमीच.
सव्वीस वर्षं घणाच्या यंत्राशेजारी उभा होता.
माझा राग निदान दिसावा
म्हणून मान दुखेपर्यंत फिरवून बसायचे.

कधी पालटलं, तारीख सांगता येत नाही.
एका रात्री वाक्य काढायला गेले
तर ते जागेवर नव्हतं.
चाचपलं, खिसा चाचपावा तसं.
नव्हतंच.
पाण्यात एक पान फुगून उलगडत होतं.
त्याच्या अंगठ्याचं काळं नख,
माझ्या टाचेची भेग,
भिंतीतल्या नळ्यांत वाफेची ठकठक,
आणि मग तीही नाही.

देवाधर्मातलं मला कळत नाही.
माझी आई टेकडीवरच्या देवळात जायची;
त्या देवळाचं पुढे गोदाम झालं,
गोदामाचं परत देऊळ.
ती म्हणायची, घंटा वाजली की
तिच्या मागोमाग चालत जायचं,
ती विरते तिथपर्यंत.
मला वाटायचं, म्हातारीचं काहीतरी.
त्या रात्री बादलीत पाय घालून
मी बहुतेक तिथवर जाऊन आले.
तिथं कुणी नव्हतं.
भीती वाटली नाही.

मग बोलले का त्याच्याशी?
बोलले की. सकाळी.
मीठ संपलंय म्हणाले.
त्यानं दोनदा विचारलं, काय?

पण रात्रीचा नेम राहिला.
पाय बुडाले की पाणी निवेपर्यंत शब्द नाही.
तुझ्या लग्नाच्या आदल्या रात्रीही नाही,
आणि डॉक्टरचा कागद टेबलावर
पालथा पडला होता, त्या रात्रीही.
त्या रात्री पाणी फार उशिरा निवलं.
की मी किटलीतलं हळूच घालत होते, कोण जाणे.
ट्रकचे पैसे परत आले नाहीत.
तो विषय अजून निघालेला नाही.
निघेल, कधीतरी दिवसा.

तर गोळ्या पाठवू नकोस.
नऊ ते साडेनऊ फोन वाजला आणि उचलला नाही,
तर काळजी करू नकोस.
मोजे पाठव, जाड, दोन जोड.
तू दिलेलं ते कानातलं यंत्र
तो आता दिवसभर घालतो,
बाजारात सगळ्यांच्या गप्पा ऐकत हिंडतो.
नऊ वाजले की बाकावर येऊन बसतो,
आधी यंत्र काढून वाटीत ठेवतो,
मग मोजे.