डबीतला कापूस

रात्री आठला माझा मोबाइल वाजतो.
डेपोत हिशेब देत असलो तरी आधी घरी फोन.
"घेतली?"
"घेतली, मामा."
शेजारच्या खिडकीवरच्या जगदाळेला वाटतं, भाच्याला दमा आहे.
मीच सांगितलंय तसं.

तिकिटं मोजण्यात वीस वर्षं गेली,
आता महिन्याला गोळ्या मोजतो.
ससूनच्या समुपदेशक बाई डबी कागदावर उपडी करतात,
दोन-दोनच्या जोडीनं बोट फिरवतात,
आणि चार जास्त उरल्या, तर माझ्याकडे बघतात
जसा मी फुकट्या प्रवाशाकडे बघतो.

विशाखा गेली तेव्हा काही मागितलं नाही तिनं.
पोराच्या दप्तराचा बंद शिवायचा राहिलाय, एवढंच म्हणाली.
तो मी शिवला.
वाकडा आहे, अजून तुटला नाही.

सहावीची सहल निघाली, भाटघरला, मुक्कामाची.
डबी तर खुळखुळते.
पोरं म्हणतील, लिमलेट आहे का रे, दे की.
आदल्या रात्री मी तिच्यात कापूस कोंबला,
कानाशी धरून हलवली.
गप्प.
बरं वाटलं,
मग अजिबात बरं वाटलं नाही.

सुमेध अंथरुणातून बघत होता.
"मामा, तो दमा नाहीये.
दवाखान्याच्या दारावर लिहिलंय.
मला पहिलीपासून वाचता येतं."

बाईंनी शिकवलेलं मी तयार ठेवलं होतं:
रक्तातले शिपाई, झोपवून ठेवलेला शत्रू.
तेवढीच चिल्लर माझ्या पिशवीत.
त्यानं ती ऐकून घेतली, माझं मन राखायला.

"आईला गोळ्या नव्हत्या?"
"होत्या. कुणी बघेल म्हणून चुकवायची."

बराच वेळ पंखाच फिरत राहिला.
मग उठून त्यानं कापूस काढला,
अर्धा परत घातला.
"देवधर मॅडमना सांगू या.
पोरांना नको. इतक्यात नको."

दुसऱ्या दिवशी आठला मी गाडीत,
पद्मावतीच्या थांब्यावर, दारापर्यंत गर्दी.
फोन लावला. रेंज नाही.
पुन्हा लावला.
पुढे सरका, पुढे सरका, म्हणत राहिलो,
कोणाला, कोण जाणे.

आठ वाजून सहा मिनिटांनी मॅडमच्या नंबरवरून आला.
हॅलो नाही, काही नाही.
नुसती डबी, कानाशी:
खुळ् खुळ्.
आणि कट.

एका म्हातारबाबांना मी स्वारगेटची दोन तिकिटं दिली.
ते म्हणाले, अहो, मी एकटाच आहे.