डावखुऱ्याची गाठ

लिलाव संपला. वाळूत बैलगाड्यांच्या चाकोऱ्या,
त्यांत बर्फाचं पाणी साचलेलं.
भागोजी होडीच्या सावलीला जाळं घेऊन बसलाय,
एक पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवून.
मी उरलेली मांदेली झाकते
आणि त्याच्या हाताकडे बघत राहते.
माघापासून ही खोड लागलीय.

माघात मी विमानात बसले.
भाचा प्रणित मालदीवच्या हॉटेलात मासे साफ करतो
(पाजपंढरीहून एवढ्या लांब जाऊन पुन्हा मासेच).
म्हणाला, आत्ये, आज सुट्टी आहे, कासवांचं हॉस्पिटल बघू.
कासवं काय बघायची?
जाळ्यात आली की आपण शिव्याच घालतो.
तरी गेले.
चपला बाहेर काढायला लावल्या, देवळासारख्या.

निळ्या टाकीत एक कासव नुसतं वर तरंगत होतं.
पुढचा एक पाय खांद्यापासून नाही.
डॉक्टरीण पोरगी सांगत होती, प्रणित मराठीत आणत होता:
पाठीखाली हवा भरलीय,
याला बुडता येत नाही.
तळाशी खाणं ठेवलं तर वरूनच बघत बसतं.
आमच्या वाडीत दारोदार एकच धास्ती, बुडायची.
आणि याची नेमकी तीच विद्या गेलेली.

भिंतीवर जाळ्यांचे तुकडे टांगले होते.
साड्यांचा पोत बघावा
तसे लोक बोटांनी चाचपत होते.
हिरवं, निळं, एक रोपासारखं पोपटी.
पोपटीला लाल दोऱ्याचं ठिगळ.
गाठी उलट्या. शेवटचा फेरा डावीकडून आत.

भागोजी डावखुरा.
बाबांनी छडी मारमारून जेवणाचा हात उजवा केला,
गाठीचा राहिला.
आणि लाल दोरा, कारण तिन्हीसांजेला
हिरव्यातलं हिरवं त्याला दिसत नाही.

पोरीने विचारलं, तुम्ही कुठच्या?
प्रणितने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, मुंबई.
ती म्हणाली, वारा फिरला की तिकडून पुष्कळ येतात ही,
कुणाची ते कळत नाही.
मी मान हलवली.
पेटीत पैसे टाकले. किती, ते भाच्याला दिसू दिलं नाही.

घरी आल्यावर भागोजीला सांगितलं.
सुई न थांबवता म्हणाला,
जगात डावखुरा काय मी एकटाच?
बरोबर.
वादळात गेलं ते जाळं काय मी सोडलं होतं?
त्याचे हप्ते चालू होते तेव्हा.
तेही बरोबर.
मग बराच वेळ काही नाही. वहिनीने चहा ठेवला,
चहावर साय धरली.
मग म्हणाला,
पोपटी होतं?

आज तो जुन्यातला सडका भाग कापून काढतोय.
हे कातरण आजवर होडीवरून पाण्यात जायचं,
दर्या मोठा आहे म्हणत.
आज शेजारी सिमेंटची रिकामी गोण आहे,
तोंड दगडाने उघडं धरलेली.
मी विचारलं नाही.
एक तुकडा नेम चुकून बाहेर पडला,
वाऱ्याने पुळणीवर दोन हात सरकला.
भागोजी उठला, गुडघ्यावर हात टेकून, आईचं नाव घेत,
तुकडा आणून गोणीत कोंबला
आणि माझ्याकडे न बघता पुन्हा बसला.

मांदेली घेऊन जा जाताना, मी म्हटलं.
बर्फ संपत आलाय.