मोरीमागची ब्राह्मी

मुजावरच्या दुकानात जुडी ऐंशीला,
नाव असं की जीभ वळेना.
म्हटलं राहू दे,
आमच्या मोरीमागं असलंच काहीतरी उगवतंय.

उद्यमनगरातनं सुटलो तरी
हाताचा ऑइलचा वास जात नाही,
म्हणून उपटायला मुक्ताच बसली:
ब्राह्मी, वंजळभर केना.
तुरटीच्या पाण्यात बुडवून काढलं,
कळंब्याचं पाणी दोन दिवस बादलीत निवू दिलं,
मग टाकीत.

आठवड्यात केना काळा पडून पिळपिळीत,
ब्राह्मीची पानं तळाला.
"तण ते तणच," बायको म्हणाली
आणि भाकरी थापायला गेली.
तुरटीतनंही वाचलेली एक गोगलगाय
काचेवर सही करत फिरत होती.

मी टाकी उपसणारच होतो,
पण रविवारी लाईट नव्हती.

सोमवारी बघतो तर शेंड्याला
नवी पानं. पातळ, फिकी,
बाहेरच्या पानांशी नातं न सांगणारी.
पाण्यात राहायचं ते
तिचं तिनंच ठरवलेलं.

आता गप्पी तिच्याआड लपतात,
दिवा लावला की पानापानाखाली बुडबुडा.

काल बायकोनं काचेवर टिचकी मारली,
"चार काड्या दे, तेलात घालायला."
मोरीमागं आहे की ढीगभर, म्हटलं.
"शी," म्हणाली, "ती मोरीतली."