पंधरा ग्रॅम

बावीस वर्षं रात्रपाळीच्या डेस्कवर
मी प्रेसनोटा फाडल्या.
फाडल्या म्हणजे, पाठकोऱ्या घरी नेल्या,
त्यांच्या मागे पोराचं गणित झालं.
आता त्याच लिहिते,
फोर्टात, झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर.
जीएसटी वेगळा.

माझगावहून धैर्यवान आले, धैर्यवान अँड सन्सचे,
बगलेत वजनकाटा, मागे मुलगा ओजस.
काटा मासळीवाल्यांसाठी: खाऱ्या पाण्याने गंजत नाही,
आकडे देवनागरी, चार्जिंग दोन दिवस पुरतं.
ओजसने मसुदा आणलेला, तीन पानं.
पहिल्या ओळीत क्रांतिकारी,
दुसऱ्या ओळीत अभिनव,
तिसरीत ‘घोषणा करताना आम्हांला अत्यंत आनंद होत आहे’.

म्हटलं, आनंद जरा बाजूला ठेवा.
रात्री साडेदहाला, सातव्या पानावर
चार बोटं जागा उरलेली बाई
तुमच्या आनंदाचं काय करील?
तिला हवं कोण, काय, कुठे, कितीला,
आणि एक फोन नंबर,
जो कुणीतरी उचलतं.
ती शेवटापासून कापत वर येते.
म्हणून जे कापलं तर बातमीचा जीव जाईल
ते आधी.
स्थापना एकोणीसशे एकेचाळीस, आजोबांचा फोटो,
हे खाली.
धैर्यवानांचा चेहरा उतरला.
आजोबा खाली गेले ना.

‘ग्राहकांचा विश्वास हीच आमची पुंजी.’
हे कोण बोललं?
“मी,” धैर्यवान म्हणाले.
कधी?
ओजस मोबाइलमध्ये बघू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊच्या धक्क्यावर गेले.
मंजुळा नाखवांच्या पुढ्यात तोच काटा,
काट्यावर दोन हलवे, डोळे अजून ओले.
“चांगला हाय,” त्या म्हणाल्या.
“पयला दिलेला खोटा व्हता.
पंधरा ग्राम जास्ती दाखवायचा,
नि गिऱ्हाईक चोर म्हनायचं मला.
मंग शेट सोता आला, नवा घेऊन.
समद्यांचे बदलले.”

समद्यांचे म्हणजे किती?
फोनवर धैर्यवान बराच वेळ गप्प.
मग, “दोनशे बारा. पण ते लिहू नका.”
तेच लिहायचंय, म्हटलं.
“आपलीच चूक आपणच छापायची? धंदा आहे, बाई.”
तुमचा काटा खारं पाणी सोसतो म्हणता,
थोडं तुम्हीही सोसा.
फोन ठेवला त्यांनी.
गेलं काम, मी समजले,
वीजबिलाचा हिशेब मनातल्या मनात पुन्हा केला.

संध्याकाळी ते आले. एकटेच.
मी पान पुढे सरकवलं:

*माझगावच्या धैर्यवान अँड सन्सने
वजन जास्त दाखवणारे दोनशे बारा काटे
मासळीविक्रेत्यांकडून परत घेतले
आणि विनामूल्य बदलून दिले.
दुरुस्त काटा सोमवारपासून बाजारात.
किंमत तीन हजार चारशे.*

त्याखाली मंजुळाबाई, त्यांच्याच शब्दांत.
त्याखाली त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर.

दोनदा वाचलं. मग बोट ठेवलं ‘विनामूल्य’वर.
“फुकट लिहा.
विनामूल्य म्हटलं की गिऱ्हाईक छुप्या अटी शोधतं.”
बावीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.
बदललं.

काटा टेबलावरच होता.
सवयीनेच असेल, त्यांनी ओजसची तीन पानं त्यावर ठेवली.
१५.
ती उचलून माझं एक ठेवलं.
५.
आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.
खाली झेरॉक्सवाला शटर ओढत होता.

नऊ चाळीसला मेल गेली.
दहा पंचवीसला फोन वाजला,
डेस्कवरून असेल म्हणून उचलला, तर धैर्यवान,
आवाज जरा वरच्या पट्टीत:
“बाई, पेपरमधून कुणी मुलगी बोलली.
म्हणते एक जाहिरात गळली, जागा आहे.
आजोबांचा फोटो आहे का विचारते.
काय सांगू?”