अस्वलाचा कान

धामणगाव गढीच्या स्टँडवर, पानठेल्याले लागून माहं दुकान.
पाटीवरचा 'डी' उडाला, आता नुसतं लेज टेलर.
बाया येतातच.
चाळीस वर्सं कपडा कापला,
वारा कापाचं काम कोणी आणलं नोतं.

आणलं सुगंती कासदेकरनं.
वरच्या गावातली पोट्टी, बारावीत.
जिल्ह्याच्या टीमनं तिले सायकल देल्ली, हेल्मेट देल्लं,
दर रविवारी घाट उतरते.
हेल्मेट माह्या कटिंगच्या टेबलावर ठेवलं,
अंडं ठेवावं तसं, न् म्हणे,
"काका, चाळीसच्या वर गेलं का हे ओरडते."

चाळीसच्या वर मीबी ओरडतो, म्हटलं.
ती हासली नाही.

"मांगून टिप्पर येते, थो आयकू येत नाही.
सर गाडीवरून काई सांगतात, थेबी नाही.
नुसतं घूंऽऽ. जसं कोणी कानापाशी
थान फाडून राह्यलं, न् थान सरतच नाही."

हे मले समजलं.
थान फाडाचा आवाज मले झोपेतबी समजते.

संध्याकाळी भाच्याच्या, प्रशिकच्या, गाडीवर मांगं बसलो.
हेल्मेट घातलं, मान बाहेर काढली बकरीवाणी,
परतवाड्याच्या रस्त्यानं चार चकरा.
लोकं थांबून पाहे.
तिसऱ्या चकरेत सापडलं:
ओरडणारं हेल्मेट नोतंच.
कानासमोरून जे पट्टे उतरतात,
त्याइच्या धारेवर वारा फाटे.
उघडी कड भेटली का वारा थे वाजवतेच,
पोट्टे गवताचं पातं वाजवतात तसा.

पट्टे पिळून शिवले. जरासं कमी.
मखमल लावली. मखमलीवरून वारा घसरला
न् सीधा कानात गेला.
घोंगडीचा तुकडा. आवाज गेला,
पण तिच्या गालावर पुरळ उठलं.
शेवटी कापसाचे दोन बोळे पुढं केले
त पोट्टी रागावली.
"मले बहिरं नाही व्हाचं, काका.
वाऱ्याले चूप कराचं हाय."

थे वाक्य मी खडूनं भितीवर लिहिलं,
सरपंचाच्या सुनेच्या मापाखाली.

नातीचं अस्वल होतं, जत्रेतलं, भुऱ्या झुबऱ्या केसाचं.
रात्री लाईट गेली होती, हात सहज त्याच्यावर पडला.
उभे, मऊ केस. बोट फिरवलं
त बोट कुठं गेलं समजेना.
वाराबी असाच हरपीन, म्हटलं.
त्रिशा झोपली होती.
टॉर्च तोंडात धरून मी दोनी कान कापले.

सकाळी घरात जे झालं थे सांगत नाही.

रविवारी सुगंती उतरली, सायकल ठेल्याले टेकवली,
पानी नाही मांगतलं, पहिले बोलली.
"साखळीची एक कडी वाजते काका, मले माईतच नोतं.
न् मोथ्याच्या वळणावर सर मांगून म्हणत होते,
सावकास व माय, सावकास.
रोजच म्हणत असतीन.
मले वाटे शिव्या देतात."

मंग डाव्या पट्ट्याची खोळ काढली,
दाबाचं बटन टच वाजलं,
माह्या तळहातावर ठेवली.
"हे राहू दे. डाव्या अंगानं दरी हाय.
जेवढी खोल, तेवढा वारा वेगळा ओरडते.
त्याच्यावरूनच त मी वळण घेतो."

पैसे देऊन राह्यली होती. नाही घेतले.

कान उसवला, उलटवला, बारीक टाक्यानं
अस्वलाले परत लावला.
त्रिशा मशीनपाशी उभी, हात कमरेवर.
"एका कानानं आयकू येते का याले?"
म्हटलं, थांब रविवारलोक,
सुगंतीले इचारू.