आवर्तन सुटल्यावर

चारुता धात्रक बेटावर गेली आहे.
सगळी बॅच गेली, कोचसकट, दहा दिवस:
सकाळी पोहणं, दुपारी लाव्हाच्या काळ्या रस्त्यांवर सायकल,
संध्याकाळी रिसॉर्टमागच्या टेकडीवर पळणं,
आणि ऊन, ऊन, पैसे भरून घेतलेलं ऊन.

माझी रजा मंजूर झाली नाही.
झाली असती तरी काय.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये मी आठ तास
कोऱ्या नोटांचे ताव तपासते,
शाई पसरलेला, आकडा सरकलेला बाजूला काढते;
इतका पैसा हाताखालून जातो
की त्याचा वास नाकाला येईनासा झालाय.
बेटाचा खर्च मांडला होता एकदा
वहीच्या मागच्या पानावर.
मग ते पान फाडून त्यात खजुराच्या बिया गुंडाळल्या.

म्हणून मी गंगापूरच्या पाण्यावर.
पहाटेचे साडेपाच. पारा सहावर.
गिरणारेच्या रस्त्याला बागांत शेकोट्या पेटवल्यात,
धूर जमिनीलगत बसून राहिलाय,
द्राक्षांच्या घडांना जुन्या वर्तमानपत्रांचे झगे.
दिव्याच्या उजेडात एकावर वाचलं:
थंडीची लाट ओस
आणि पुढचं देठाकडे दुमडलेलं.
बोटं माझी राहत नाहीत.
गिअर बदलायचा तर तळहाताने ढकलते.

रावजी बेंडकोळी होडी घेऊन उभे असतात,
जाळं काढून झालेलं, कानांना मफलर.
माझ्या वेटसूटकडे पाहून रोज एकच विचारतात,
"ह्यात गरम व्हतं का?"
मी म्हणते, थोडं.
"मंग घालता कशापायी?"

पाणी मानेपासून आत शिरतं.
पहिले पन्नास हात मी कुणीच नसते,
नुसती एक दातखीळ.
मग श्वास सापडतो. तीन हात, श्वास. तीन हात, श्वास.
डावीकडे होडी, होडीत काकांची विडी,
उजवीकडे काही नाही,
आणि खाली ते, ज्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही.

चारुताचा फोटो काल रात्री दीडला आला.
तिथे तेव्हा आठच वाजले होते.
निळा टँक, टाचा कठड्यावर,
खाली लिहिलंय: तुझी आठवण येते गं, लेन चारमध्ये.
मी अंगठा पाठवला.
त्या अंगठ्याला थंडी वाजत नाही.

कालव्याचं आवर्तन सुटून आठवडा झाला.
पाणी रोज वीतभर मागे सरतंय,
काठ रोज थोडा लांब,
चिखल रोज थोडा जास्त.
आज होडी थांबली. मीही.
पायाला जमीन लागली
जिथे गेल्या रविवारी ती नव्हती.
काळं, ओलं, म्हशीच्या पाठीसारखं टेकाड.
चढले, आधी गुडघ्यांवर, मग उभी.

"खळं हाये ते," काका म्हणाले. "आमच्या आज्याचं."
वल्ह्याने दाखवलं: "तिथं तिवडा.
त्याच्याभवती बैल फिरायचे, दिसभर.
गोल. कुठंच न जाता."
मग माझ्याकडे पाहून हसले
आणि पुढचं बोलले नाहीत.

ऊन आधी ब्रह्मगिरीच्या माथ्याला लागलं,
मग सावकाश खाली, बागांवरच्या धुराला,
मग आमच्यापर्यंत.
वेटसूटची चेन मी अर्धी उघडली.
काकांनी फडक्यातून भाकरी काढली, वर ठेचा,
हात लांब करून दिली.
स्वतः मात्र होडीतून उतरले नाहीत.

घड्याळ मनगटावर आपोआप थांबलेलं:
आठशे मीटर.
विचारत होतं, व्यायाम संपवायचा का?
फोन काठावर, सायकलच्या पिशवीत.
फोटो राहिला.
चारुताच्या बेटावर आत्ता रात्रीचे दोन.

मी खळ्यावर एक फेरी मारली, चालत,
चिखलात पाय काढत, रुतवत.
"अजून वर यील," काका म्हणाले,
"उन्हाळ्यात पार शेंडेवाडीची वाट दिसती.
मंग जाती पुन्हा."
ठेचा फुटलेल्या ओठांना झोंबत होता.
दुपारी तीनची पाळी.
गॉगल थुंकी लावून पुसला.
बाराशे बाकी.